शिबिरात पापणीही तपासा

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की आमच्या पंचवटीत मोफत नेत्रतपासणी शिबिरांचे फलक लागतात. गेल्या तीन वर्षांत अशा चार शिबिरांत मी जाऊन आले. दरवेळी तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली, मोतीबिंदू नाही म्हणाले आणि जवळच्या चष्म्याचा नंबर हातात दिला. माझं दुखणं नंबराचं नव्हतंच, पापणीचं होतं. म्हणून हे पत्र.

मी 26 वर्षं ब्लाउज शिवते. तीन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. सकाळी पापण्या चिकटलेल्या. सुईत दोरा ओवायला घेतला की धूसर. डोळे मिटून उघडले की क्षणभर लख्ख, लगेच पुन्हा धूसर. आणि वर पाण्याची धार. एकदा हुक लावताना टपकन थेंब पडला तो गिऱ्हाइकाच्या रेशमी ब्लाउजपीसवर. रेशमावरचा पाण्याचा डाग किती हट्टी असतो ते शिवणारीलाच ठाऊक. काठ जुळणारा दुसरा पीस मिळवायला अख्खा मेनरोड पालथा घातला, पैसे पदरचे गेले ते वेगळेच.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणले. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. असे सहा महिने काढले. शेवटी मुलीने डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी माझी बाटली वाचली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं. ते असं मनाने महिनोन्महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. अश्रूंचा थर डोळ्यावर दहा सेकंद तरी टिकायला हवा, माझा तीन-चार सेकंदांतच फाटत होता. पापणीची कड कापसाच्या काडीने दाबली तर गोडेतेलासारखं पातळ तेल यायला हवं. माझ्या पापणीतून टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं निघालं. केसांच्या मुळांमागे वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत वीस-पंचवीस तेलाच्या ग्रंथी असतात म्हणे. त्यांच्या तेलाचा पातळ पापुद्रा पाण्यावर पसरतो, म्हणून पाणी उडून जात नाही. ग्रंथींची तोंडं बुजली की डोळा कोरडा पडतो, खुपतो, आणि खुपलं की पाणी वाहतं. ‘डोळे गळतायत आणि तुम्ही कोरडे म्हणता?’ असं मी हसून विचारलं होतं, हे ऐकून गप्प झाले. आमच्या मशीनचंही असंच. जुनं तेल भोकात चिकटून बसलं की वरून नवं ओतून उपयोग नसतो.

उपाय अगदी घरगुती निघाला. शेक. पण ओला रुमाल मिनिटाभरात गार होतो. म्हणून मी सुती अस्तराच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवली, तिच्यात जवस भरलं. तव्यावर जरा गरम करायची, मनगटाच्या आत लावून पाहायची (पोळता कामा नये), मग मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. लगेच हात धुऊन वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेकडे हलकेच चोळायची. मग उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्याने कड पुसायची. दिवसातून दोनदा. जोडीला बिनप्रिझर्व्हेटिव्हचे (टिकवण्याचं रसायन नसलेले) कृत्रिम अश्रूंचे थेंब. जवस खा म्हणून सांगणाऱ्या बायका पुष्कळ भेटल्या. मी ते पिशवीतच ठेवलं. जवसासारखंच ओमेगा-3 असणाऱ्या माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी 2018 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात कोरड्या डोळ्यांना ऑलिव्ह तेलाच्या नुसत्या दिखाऊ गोळ्यांपेक्षा जास्त फरक पडला नव्हता, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

काजळ सुटलं, ते मात्र जिवावर आलं. पापणीच्या आतल्या कडेला आपण काजळ भरतो, तिथेच या ग्रंथींची तोंडं असतात. शिवताना डोळे मिचकवायचंही भान राहत नाही, मोबाइल पाहणाऱ्यांचं जे होतं तेच. आता एक शिवण संपली की दोन्ही पापण्या पुऱ्या टेकवून सावकाश उघडझाप करते. पहिले तीन आठवडे काही फरक नव्हता, मी कंटाळून सोडणारच होते. पाचव्या आठवड्यात खुपणं थांबलं. शेक अजून रोज चालू आहे. सोडला की आठवड्यात चिकटपणा परत येतो.

प्रकाशाच्या यंत्राचे उपचारही असतात, पण ते हजारोंच्या घरातले. ज्याला शेकाने भागेल त्याला आधी शेक तरी माहीत हवा. मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे: यंदा शिबिर घ्याल तेव्हा येणाऱ्या डॉक्टरांना, चाळिशी उलटलेल्या बायकांची पापणीची कडही जरा दाबून बघा, असं सांगा. अर्धं मिनिटही लागत नाही.

– शिवणकाम करणारी एक वाचक, पंचवटी, नाशिक