आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुमची तंबी आहे, म्हणून नुसतं ‘काका’.

गेल्या जूनमध्ये तीन आठवडे माझा आलेख आडवाच झोपला होता. टी-पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत, फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग भरायचा, ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात आळीपाळीने बघायचं, टी-पेशींना जागं करणारी सीडी३ ची अँटीबॉडी घालायची, की पेशीतलं कॅल्शियम चढायला हवं. माझं एवढंसं चढायचं आणि लगेच खाली. पेशीच मेल्यात असं ठरवून मी दोन फ्लास्क फेकूनही दिले.

तिसरा तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात. पडद्यावरच्या चिमुकल्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणालात, “मेलेली पेशी एवढंही करत नाही गं. आतली शिल्लक सुटली, बाहेरून काही आलं नाही. बाहेर ठेवलंयस का तू काही?”

पेशी ज्यात ठेवतात ते द्रावण, बफर, मीच केलं होतं. कॅल्शियमविना.

नवं करायलाही तुम्ही थांबू दिलं नाहीत. चालू प्रयोगातच २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालायला लावलंत आणि रेघ सरळ वर गेली.

पाठ केलेलं सगळं त्या रेघेत होतं. आयपी३ या निरोप्या रेणूमुळे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचा, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचा, साठा उपसला जातो, ते स्टिम१ या प्रथिनाला कळतं, ते पेशीपटलाशी सरकून तिथल्या ओराय१ या प्रथिनाचा मार्ग उघडतं. आत कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर त्याच्या वीस हजार पट, उघडायचाच अवकाश. नुसत्या आतल्या शिल्लकीवर एनफॅट हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात टिकत नाही. बाहेरचा ओघ तासन्‌तास चालू राहिला तरच टी-पेशींना वाढवणारं इंटरल्युकिन-२ नीट बनतं.

एक सांगायचं राहिलं. २००६ मध्ये ओराय१ सापडलं, त्यात तीव्र प्रतिकारहीनता घेऊन जन्मलेल्या मुलांच्या पेशींचा मोठा वाटा होता. त्यांच्या ओराय१ मधलं ९१ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं. टी-पेशी आहेत, बाहेर कॅल्शियमही आहे, पण ते आत येत नाही. म्हणजे माझ्या चुकीने जे तीन आठवडे झालं, तेच त्या मुलांच्या पेशींत जन्मभर. वाचताना मी दचकलेच. असा आलेख मी ‘खराब’ म्हणून पुसत होते!

आता बफरच्या बाटलीवर आणि झाकणावरही लिहिते: ‘कॅल्शियम आहे’, ‘कॅल्शियम नाही’. लाल पेनने. पेन तुमचंच आहे, परत करायचं राहिलंय.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची