निळ्याशार पाण्यातला साका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की बडोद्याची तरुण मंडळी पावागड-जांबुघोड्याकडे सुटतात आणि जुन्या खाणींच्या खड्ड्यांत साचलेल्या निळ्याशार पाण्याचे फोटो आपल्या मोबाइलवर येऊन पडतात. आमच्या नातवाने यंदा शिवराजपूरच्या पुढच्या एका खड्ड्यातून बाटलीच भरून आणली. म्हणे, "आजोबा, आपल्या नळापेक्षा स्वच्छ आहे!"

(तिथल्या खाणींतल्या मँगनीज या धातूसाठी १९११ साली चांपानेर रोडहून छोटी रेल्वे टाकली होती. शेवटच्या स्थानकाचं नाव काय, तर 'पानी माइन्स'!)

बाटली दोन दिवस ओट्यावर होती. ना गाळ, ना रंग. माझी उभी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून राहवेना. पेलाभर पाण्यात सौ.च्या पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना ढवळला. सकाळी तळाशी तपकिरी साका, म्हणजे पाण्यात विरघळलेलं मँगनीज! लोह असतं तर एव्हाना आपणहून तांबडं झालं असतं. मँगनीज हट्टी, चुन्याने पाणी चांगलं अल्कधर्मी झाल्याशिवाय बाहेर पडत नाही.

उन्हाळ्यात 'एवढं पाणी पडून आहे, टँकर भरा' असं कुणीतरी म्हणतंच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर ०.३. उकळून जंतू मरतात, धातू नाही. चुना किंवा परमँगनेट देऊन पाणी वाळूतून गाळावं लागतं. वाळूवर काळा थर चढला की नवखा माणूस ती फेकायला निघतो. अहो, तोच थर पुढचं मँगनीज धरतो!

शिवाय प्रत्येक खाणीचं दुखणं वेगळं. छोटाउदेपूरकडे कडीपाणीच्या परिसरात फ्लोरस्पार, म्हणजे फ्लोराइडचं खनिज आहे. तिथे आधी फ्लोराइड बघायचं आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची चुना-तुरटीची 'नालगोंडा' पद्धत वापरायची. मेघालयात जयंतिया टेकड्यांत कोळशाबरोबरच्या गंधकी खनिजाला हवा-पाणी लागून आम्ल होतं. २०१४ साली हरित लवादाने तिथल्या बेलगाम खाणकामावर बंदी घातली. आम्लाला बंदी कळत नाही, ते झिरपतच राहतं.

माझं म्हणणं एवढंच, की टँकरचा पाइप सोडण्याआधी खड्ड्याचं पाणी तपासावं, धातूंचे आकडे काठावर गुजरातीत पाटी लावून लिहावेत आणि शुद्धीकरणातून निघणारा साका कुठे टाकणार हेही तेव्हाच ठरवावं. नाही तर तो रात्री त्याच खड्ड्यात परत जातो. पैशांची सबब नको. २०१५च्या खाण कायद्याने आलेल्या, खाणवाल्यांच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे.

उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. पेला मात्र सौ.ने स्वयंपाकघरातून हद्दपार केला.

आपला,
एक निवृत्त रसायनज्ञ,
दांडिया बाजार, बडोदे