मंडळी सोडली म्हणून कब्रस्तानही सोडायचे का?

महोदय,

गेल्या कापणीच्या सणानंतर आम्ही आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, सोडली. आजेसासऱ्यांपासूनचे बाप्तिस्मे तिच्या रजिस्टरात आहेत, संडे स्कूल मी कित्येक वर्षे चालवले. भांडण शिकवणुकीचे नव्हते, गाळ्यांचे होते. चर्चच्या आवारातले रस्त्याकडचे गाळे कमिटीने नऊ वर्षांच्या कराराने दिले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती घेतली का, आणि भाडे कोणत्या खात्यात जमा होते, एवढेच माझ्या यजमानांनी वार्षिक सभेत विचारले.

उत्तर पुढच्या रविवारी उपदेशातून मिळाले. बायबलातल्या, मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाला धरणीने कसे गिळले, हा विषय! पाळकसाहेबांनी नाव कोणाचे घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. त्यानंतर कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पण केलेल्या जिनसांच्या लिलावात आमचा भोपळा पुकारलाच नाही. वाचणाऱ्याला हसू येईल, पण तो भोपळा परत घरी नेताना जे लागले, ते उपदेशानेही लागले नव्हते.

मंडळी वा मिशन सोडणे आमच्यात नवे नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा केला. त्यांची भजने त्याच कमिटीचे लोक पेटीवर मोठ्या भक्तीने गातात. तेव्हा बाहेर पडल्याचे दुःख मी पेपरात मांडत बसणार नाही. आता घरीच चार कुटुंबे मिळून उपासना करतो.

प्रश्न कब्रस्तानाचा आहे. सासऱ्यांच्या कबरीशेजारची जागा सासूबाईंसाठी धरलेली आहे. आता कमिटीचे एक वडील (एल्डर) सांगतात, वर्गणी बंद तर दफनाचा दाखला बंद. हे लिहून द्या म्हटले, तर देत नाहीत. प्रेत घरात असताना माणूस कोणत्याही कागदावर सही करतो आणि मागची सगळी वर्गणी भरतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. अशी सही करून परत गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

ज्यांच्या घरच्या कबरी तिथे आहेत, त्यांना सभासदत्वाची अट लागणार नाही, असे पत्रक बिशपसाहेबांनी सर्व मंडळ्यांना काढावे आणि ते कब्रस्तानाच्या फाटकावर लावावे. सासूबाई शहाऐंशीच्या आहेत, त्यामुळे ‘पुढच्या सभेत बघू’ हे उत्तर आम्हाला चालणार नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर