चालता कारखाना विकणाऱ्याला रेडीरेकनरची शिक्षा का?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात लहान कारखानदारांचे हिशेब बघतो. इथल्या फौंड्रीवाल्यांची पिढी सत्तरीला आली, मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीत. मग धंदा विकायचा. भट्टी भंगारात आणि जागा बिल्डरला, हा एक मार्ग. दुसरा म्हणजे कामगार, ऑर्डरी, बँकेचं कर्ज यांच्यासकट चालता कारखाना एकरकमी कोणाच्या तरी हवाली करणं. प्राप्तिकरात याला 'स्लंप सेल' म्हणतात. 2025 च्या नव्या कायद्यातही ही कल्पना कायम आहे; खाली दिलेले कलमांचे आकडे 1961 च्या जुन्या कायद्यातले.

अडचण 2021 च्या वित्त कायद्यापासूनची आहे. कलम 50बी बदललं आणि नियम 11यूएई आला. त्यानुसार प्रत्यक्ष मिळालेली किंमत आणि सूत्राने काढलेली किंमत, यांतली जास्त असेल ती धरायची. सूत्रात यंत्रं, माल, येणी पुस्तकी किमतीने येतात, जमीन मात्र रेडीरेकनरने, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या भावाने.

समजा, 1989 साली 3 लाखांना घेतलेली जागा आहे. आज रेडीरेकनरने ती 2 कोटी 40 लाखांची. बाकी मालमत्ता पुस्तकात 90 लाख, देणी 60 लाख. घेणारा देणी अंगावर घेऊन वर 2 कोटी 10 लाख देतो. त्याहून जास्त देणार नाही, कारण भट्टी जुनी आणि कामगारांची वीस-वीस वर्षांची ग्रॅच्युइटी त्याच्या गळ्यात. सूत्र म्हणतं, जमीन आणि बाकी मालमत्ता मिळवून देणी वजा करा, म्हणजे 2 कोटी 70 लाख धरा. न मिळालेल्या 60 लाखांवर, तीन वर्षांपेक्षा जुन्या धंद्याला लागणाऱ्या 12.5 टक्क्यांनी, साडेसात लाख कर! अधिभार, उपकर वेगळे.

नफा काढताना खर्चाच्या बाजूला मात्र तीच जमीन 3 लाखांचीच राहते, कारण तिथे पुस्तकी निव्वळ मालमत्ता धरतात. नुसती जमीन विकली असती तर 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव खर्च म्हणून धरता आला असता. नुसत्या जमिनीच्या विक्रीला लागणाऱ्या कलम 50सी मध्ये रेडीरेकनर आणि करारातल्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, आणि दर अवास्तव वाटला तर मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. 50बी मध्ये यातलं काहीच नाही. म्हणजे कारखाना मोडणाऱ्याला सवलती, आणि चालू ठेवून देणाऱ्याला दंड. अर्थात किंमत कागदावर कमी दाखवणारेही आहेत, मी पाहिलेत. पण 50बी मध्येही ती वाट खुली केली, तर त्यांच्यासाठी तो मूल्यनिर्धारण अधिकारी असेलच की.

जीएसटीत तुमच्याच खात्याने हे नीट हाताळलं आहे. चालता व्यवसाय पूर्णपणे हस्तांतरित केला तर त्या हस्तांतरणावर 2017 पासून कर नाही, उरलेलं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीची वजावट) नव्या मालकाकडे जातं.

म्हणून मागणी एवढीच: स्लंप सेलमधल्या जमिनीला 50सी सारखी दहा टक्क्यांची सूट आणि मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे जायची वाट द्या, आणि 2001 पूर्वीच्या जमिनीला खर्चाच्या बाजूनेही 2001 चाच भाव लावा. पहिल्या मागणीसाठी नियमातली दुरुस्ती बहुधा पुरेल, दुसरीला येत्या वित्त विधेयकाची वाट बघायची आमची तयारी आहे.

आपला,
कोल्हापुरातील एक सीए