चॅनल नाही, ब्लॉग

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला गेले की आई "बरं बाई, तुझं तुला माहीत" म्हणते आणि फोन बाबांकडे देते, म्हणून लिहून पाठवतेय. आईच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओचं चॅनल मी सध्या काढत नाहीये. त्याऐवजी तेच पदार्थ लिहून ब्लॉग सुरू करतेय. डोमेनचे, म्हणजे ब्लॉगच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे, पैसेही भरून झाले.

बाबांनी ओट्यामागची भिंत रंगवून घेतली, आईने साड्यांना फॉल-पिको करून आणलं, आणि नागपुरात अख्ख्या महाल भागात बातमी गेली, हे सगळं माहीत आहे मला. आई, तू कॅमेऱ्यापुढे माझ्याहून सहज बोलतेस, खरंच. पण मे महिन्यात घेतलेलं रेकॉर्डिंग इथे पुण्यात हेडफोन लावून ऐकलं, तर कूलरच्या घरघरीत तुझा एक शब्द कळत नाही. कूलर बंद ठेवायचा म्हणजे ४५ अंशांत तुला गॅसपुढे उभं करायचं, आणि वर झाकण वाजलं की "आई, परत एकदा". त्या संध्याकाळी तुझे पाय सुजले होते, ते दादाने सांगितलं. तू काहून बोलली नाहीस?

पण फक्त तुझ्या पायांमुळे ठरवलं असं नको समजू हं. बाबा, तुम्ही कमाईचं विचारलं होतं. यूट्यूबवर जाहिरातींच्या पैशासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलेले व्हिडिओ लागतात, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. ब्लॉगला अशी अट नाही. साइट मंजूर झाली की जाहिराती लागतात, आणि त्या जाहिराती देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सला मराठी चालतं. पैसे मात्र १०० डॉलर जमल्यावरच खात्यात येतात, आणि वाचक जमेपर्यंत ते जमणार नाहीत. म्हणून नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. डबा वेळेवर येतो, झोप होते. ऑफिसनंतर एडिटिंग करत बसले असते तर ती गेली असती. लिहिणं बसमध्येसुद्धा होतं. आणि वाचणाऱ्या बाईचंही बघा ना, पिठाच्या हातांनी व्हिडिओ मागे कोण नेणार? लिहिलेली ओळ डोळ्यांसमोर थांबून असते.

एका ठिकाणी मात्र माझं लिहिणं अडलं. गोळाभातातल्या गोळ्यांचा भरडा, म्हणजे जाडसर दळलेली डाळ, कडकडीत मोहन घालून किती ओलसर भिजवायचा, हे काही केल्या शब्दांत बसेना. मुठीत दाबल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि तरी तो भातात फुटता कामा नये, एवढंच जमलं. तेवढ्यापुरते फक्त तुझे हात घेऊ. तू टेबलाशी खुर्चीवर बसायचं, आवाज नकोच, त्यामुळे कूलर खुशाल चालू. रंगवलेली भिंत मागे दिसेल, बाबा. साडी तुला हवी ती नेस.

शाळेतून आले की तू पहिला गोळा फोडून, फुंकर घालून माझ्या तळहातावर ठेवायचीस, आणि वरची फोडणीची लाल मिरची बाबा हळूच उचलायचे. ते लिहिताना इतकी भूक लागली की रात्री अकराला मॅगी केली. रागावू नकोस.

आता ऐका. कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायचं नाही, बाबा. पाइप आणून ठेवलाय, तो लावा. बीपीची गोळी चहाआधी की नंतर हा वाद बंद, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसंच. आई, उपवासाला साबुदाणा आणि वर दिवसभर उभं राहणं, दोन्ही एकदम नको. "तुमच्या मुलीचं चॅनल वाढवून देतो" असा कुणाचा फोन आला तर ठेवून द्यायचा, ओटीपी तर नाहीच सांगायचा. इथलं भाड्याचं घर बदलत असतं, म्हणून अ‍ॅडसेन्सला पत्ता आपल्या घरचा दिलाय. १० डॉलर झाले की गूगल टपालाने सहा आकडी पिन पाठवतं. ते पाकीट रद्दीत जाऊ देऊ नका. उघडून फोटो फक्त मला पाठवा. लगेच येणार नाहीये, रोज पोस्टमनला विचारत बसू नका.

आणि आई, वाटीभर भरड्याला तेल किती, ते या वेळी "अंदाजाने" म्हणून नको सांगूस. पळीने मोज आणि बाबांना लिहून पाठवायला सांग. रविवारपर्यंत हवं आहे.

तुमची,
चिमी