नाव न विचारलेल्या मदतनीसांना

मुलांनी स्वतः शिवलेले कपडे घालून दाखवले, गुण मी दिले. पण आभार मानायचेत ते वेगळ्यांचे. ऐन वेळी एका फ्रॉकची चेन अडकली, तेव्हा तिच्या दातांवर मेणबत्ती घासून ती सुरळीत करणाऱ्या काकू, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर एकेक कपडा उलटा करून माझ्यासमोर धरणाऱ्या दोघी, तुमच्यामुळे शिवणीतली माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड), काजांचे टाके, मुंढ्याची (बाही जोडतात त्या जागेची) गोलाई नीट पाहता आली. (अंगावर काय, सगळंच छान दिसतं हो!) आणि आदल्या दिवशी बाही उलटी लागलेल्या मुलाला नुसतं "उसव, परत लाव" म्हणणारे, स्वतः सुईला हात न लावणारे आजोबा, तुम्हाला खास नमस्कार. बाही बसलीय मस्त.