तरुण चळवळीत येतात ते कुणामुळे?

संपादक महोदय,

गोव्यात तरुण रस्त्यावर उतरले की ‘यांना कुणीतरी भडकावलंय’ हा शेरा ठरलेला. मोलेचं जंगल वाचवण्यासाठीच्या ‘मोले वाचवा’ आंदोलनातही तो ऐकू आला. समाजशास्त्र वेगळं सांगतं. 1964 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या मोहिमेत स्वयंसेवक म्हणून जायला अनेक विद्यार्थ्यांनी अर्ज केले. काही गेले, काहींनी ऐनवेळी माघार घेतली. समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांनी दोघांचे अर्ज ताडून पाहिले. विचारांची तळमळ दोन्हीकडे सारखीच होती. जे गेले त्यांचे चळवळीतल्या मित्रांशी आणि संघटनांशी संबंध अधिक घट्ट होते, हा खरा फरक.

आपल्याकडेही तेच दिसतं. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरला रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर रुळांवर बसले. शेळ-मेळावलीत आयआयटीला जागा देण्याविरुद्ध गाव उभा राहिला, बायका पुढे होत्या. घरची माणसं लढत असताना मुलगा घरात बसेल कसा?

म्हणूनच महाविद्यालयांतल्या निवडणुका, वादसभा, वाचन मंडळं ओस पडणं मला गंभीर वाटतं. आमच्या पिढीला मैत्री तिथेच मिळाली, आणि मैत्रीतून भूमिका. ही ठिकाणं विद्यार्थ्यांना परत द्या, ही प्राचार्यांना कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली